‘आठवत नाही’ म्हणजे नेमके काय?

(एस. वाय. बी. ए., मानसशास्त्र)

आपल्याकडे खेड्यात पक्षाघाताला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. कोणी ‘लकवा मारला’ म्हणतात, तर शहरातील मंडळी ‘पॅरालिसिसचा अटॅक आला’ म्हणतात. शब्द कोणताही असो, सर्वांचे लक्ष अंगाकडे असते. हात उचलत नाही, पाय ओढत चालतो, तोंड वाकडे झाले, हे डोळ्यांना दिसते. म्हणून भेटायला येणारे त्याचीच चौकशी करतात. वस्तुतः बिघाड झालेला असतो तो मेंदूत. मेंदूला रक्त नेणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला भाग मरू लागतो. गुठळीने मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सी. टी. स्कॅन व्हावा लागतो. म्हणून तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, यांपैकी काहीही दिसले तर तेल चोळत न बसता १०८ क्रमांकाला फोन करावा. हे सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु या लेखाचा विषय त्यानंतरचा आहे. रुग्ण वाचतो, घरी येतो, आठ-पंधरा दिवसांत उठून बसतो. आणि मग घरच्यांच्या लक्षात येते की माणूस पहिल्यासारखा राहिला नाही. त्याला काही आठवत नाही. त्याबद्दल मदत कोठे आणि कशी मागावी हे कोणी सांगत नाही.

माझी आत्या भाजी विकते. वैधव्यानंतर ती माहेरी, म्हणजे आमच्याच घरी राहिली. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. तरी आठवडे बाजारातील तीस-पस्तीस गिऱ्हाइकांची उधारी तिच्या तोंडपाठ असे. कोणाकडे मागल्या बाजारचे पन्नास राहिले, कोणी वांग्याचे दिले पण कोथिंबिरीचे नाही, हे ती लिहिल्यासारखे सांगत असे. तिची वही म्हणजे तिचे डोके. २०२४ च्या डिसेंबरात, वयाच्या ५८ व्या वर्षी, तिला उजव्या बाजूचा पक्षाघात झाला. चार महिन्यांत हात बराचसा चालू लागला. पण ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारू लागली. पैसे मोजताना अडखळू लागली. बाजार कोणत्या वारी ते विचारले तर नुसते बघत बसे. शेजारणी म्हणाल्या, “वारं डोक्यात शिरलंय, आता घरीच बसवा तिला.” लवकरच गल्लीत ‘आक्काला वेड लागलं’ असे झाले. माझ्या आईवडिलांपुढे प्रश्न केवळ आजाराचा नव्हता. बाजारात तिचे जे पैसे अडकले होते त्यांवर बियाणे आणि माझी फी दोन्ही अवलंबून होती.

मदत शोधायला निघाल्यावर पहिली अडचण शब्दाचीच येते. डॉक्टर विचारतात, “काय होतंय?” आणि घरचे सांगतात, “आठवत नाही.” हा शब्द भाजीच्या पाटीसारखा आहे. एकाच पाटीत मेथी, शेपू, चुका सगळे असते. निवडून वेगळे केल्याशिवाय भाव करता येत नाही. पक्षाघातानंतरच्या ‘आठवत नाही’ मध्ये निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात, आणि प्रत्येकीला मदत करणारा माणूस वेगळा असतो.

पहिली गोष्ट शब्दांची. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हा मनुष्य अनेक वर्षे ‘टॅन’ या एका उच्चाराखेरीज जवळजवळ काही बोलू शकत नव्हता. पण विचारलेले त्याला पुष्कळसे समजत असे, आणि तो खुणांनी उत्तरे देई. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात पुढल्या बाजूस इजा आढळली. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि तीच बाजू उजव्या हातापायांना चालवते. म्हणून उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाची भाषाही पुष्कळदा जाते. याला वाचाघात म्हणतात. पुढे १८७४ साली कार्ल व्हेर्निके याने दुसरा प्रकार वर्णन केला. त्यात माणूस घडाघडा बोलतो, परंतु शब्द भलतेच येतात, आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट कळत नाही. आपल्याकडे अशाच माणसाला वेडा ठरवतात आणि भगताकडे नेतात. खरे पाहता त्याची बुद्धी जागेवर असू शकते, भाषेची वाट तेवढी मोडलेली असते.

हे घरी ताडून पाहण्याची एक साधी रीत आहे. रुग्णासमोर लाटणे, वाटी, किल्ली अशा चार वस्तू ठेवाव्यात. “लाटणं कुठलं ते दाखव,” म्हटल्यावर बोट बरोबर जाते, पण “याला काय म्हणतात?” विचारल्यावर शब्द येत नाही, असे झाले तर वस्तू आठवत नाही असे म्हणता येणार नाही, नाव सापडत नाही एवढेच. अर्थात ही घरची चाचपणी झाली, निदान नव्हे. निदान आणि उपचार वाचा-उपचारतज्ज्ञाकडे होतात. ‘स्पीच थेरपिस्ट’ असे विचारले की मोठ्या रुग्णालयात पत्ता लागतो. हा माणूस तोतऱ्या मुलांसाठी असतो अशी समजूत असल्याने पक्षाघाताचे रुग्ण तिकडे फिरकतच नाहीत.

दुसरी गोष्ट खरी स्मृतीची. आमच्या मानसशास्त्राच्या वर्गात हेन्री मोलेझन याची हकिगत शिकवतात. १९५३ साली अमेरिकेत, फेफऱ्याच्या आजारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा हिस्सा काढण्यात आला. (समुद्रघोड्यासारखा आकार म्हणून हे नाव.) त्यानंतर २००८ साली मरेपर्यंत त्याच्या मनात नवी आठवण जवळपास रुजलीच नाही. बालपण आठवे, पण रोज भेटणारी डॉक्टरीणबाई त्याला रोज नवी वाटे. गंमत अशी की आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा सराव त्याला दिला, तेव्हा त्याचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. आदल्या दिवशी हे केले होते याची मात्र त्याला कल्पना नसे. म्हणजे घडलेली गोष्ट आठवणे आणि हाताला काम येणे, यांचे रस्ते मेंदूत निरनिराळे आहेत.

मेंदूच्या मागल्या बाजूच्या वाहिनीत गुठळी अडकली तर याच हिप्पोकॅम्पसला धक्का पोहोचू शकतो. थॅलॅमस म्हणून मेंदूच्या मध्यभागी एक भाग आहे. तेथील अगदी लहानशा इजेनेही स्मृती मोठ्या प्रमाणात जाऊ शकते. असा माणूस लग्नातील आहेर सांगेल, पण सकाळी औषध घेतले की नाही हे त्याला सांगता येणार नाही. घरचे म्हणतात, “पन्नास वर्षांपूर्वीचं बरं आठवतं, आत्ताचंच कसं विसरतो? सोंग करतो.” हे सोंग नाही. जुन्या आठवणी नव्यापेक्षा टिकाऊ असतात हे फ्रान्समध्ये तेओद्यूल रिबो याने १८८१ सालीच लिहून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट लक्षाची. पक्षाघातानंतर विचारांची गती मंदावते. दोन माणसे एकदम बोलू लागली, टीव्ही चालू असला की रुग्णाला काही समजत नाही, आणि जे कानात नीट शिरलेच नाही ते आठवणार कोठून? अशा रुग्णाला थोडा वेळ दिला, आद्याक्षर सुचवले, की उत्तर येते. सुचवल्यावर येते की सुचवूनही येत नाही, हा फरक डॉक्टरांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. तो घरच्यांनी पाहून ठेवावा.

याखेरीज स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी पण वेगळीच असलेली कारणे असतात. पक्षाघात झालेल्या तिघांपैकी सुमारे एकाला पुढे नैराश्याचा आजार होतो. असा माणूस ‘मला नाही ठाऊक’ म्हणून विषय संपवतो, आणि लोक समजतात की विसरला. त्यावर उपचार आहेत. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातील सोडियम कमी होणे, लघवीतील जंतुसंसर्ग, झोपेच्या गोळ्या यांनीही डोके भ्रमते. कधी कान गेलेला असतो. कधी दृष्टीचा अर्धा भागच गेलेला असतो. ताटातील एका बाजूची भाजी तशीच राहिली तर तो जेवायला विसरला असे समजू नये. यांतील बऱ्याच गोष्टी साध्या तपासण्यांनी कळतात. त्या करून घ्याव्यात असे आपण होऊन विचारले पाहिजे.

येथे एक गोष्ट थोडी सविस्तर लिहिते, कारण माझ्यासारख्या घरांतून आलेल्यांना तिचे महत्त्व पटेल. स्मृती मोजण्याच्या चाचण्या असतात. १९७५ साली निघालेली तीस गुणांची एक चाचणी जगभर वापरतात. तीत आकडेमोड करावी लागते, लिहिलेली सूचना वाचून तसे करावे लागते, एक वाक्य लिहावे लागते, आकृती काढावी लागते. शहरातील एका रुग्णालयात आत्यापुढे कागद ठेवून घड्याळाचे चित्र काढायला सांगितले. आत्याने जन्मात पेन्सिल हातात धरलेली नाही. तिने कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि पेन्सिल परत दिली. त्या कागदावर तिला शून्य मिळाले. हे शून्य पक्षाघाताचे की निरक्षरतेचे, हे कागद कसे सांगणार? आपल्या देशातील संशोधकांना हा प्रश्न पूर्वीच पडलेला आहे. हरियाणातील बल्लभगड भागातील निरक्षर वृद्धांसाठी त्याच चाचणीचे हिंदी रूप तयार करून ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. त्यात लिहिण्या-वाचण्याच्या प्रश्नांऐवजी तोंडी व खुणांचे प्रश्न घातले आहेत. म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच सांगावे : “हिला अक्षरओळख नाही. तोंडी विचाराल का? आधी ती काय काय करत होती ते मी सांगते.” यात संकोच कसला? शाळेत न गेल्याचे गुण स्मृतीच्या खात्यातून वजा होऊ नयेत एवढेच म्हणणे आहे.

आणि ‘आधी काय करत होती’ हेच सर्वांत उपयोगी माप आहे. डॉक्टरांजवळ वेळ थोडा असतो, बाहेर रांग असते. ‘विसरते’ असे सांगण्यापेक्षा घडलेले प्रसंग तारखेसह सांगावेत : अमुक दिवशी चूल पेटती ठेवून गेली, अमुक दिवशी शंभराची नोट दहाची म्हणून दिली, पण नातवाचा आवाज फोनवर ओळखला. मी दोनशे पानी वही केली आणि आठवडाभर रोज चार ओळी लिहिल्या. त्याच वहीत रक्तदाबाचे आकडे आणि गोळ्यांची नावे. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असते, त्यात कोणती बाजू, कोणती वाहिनी हे लिहिलेले असते. ते दवाखान्यातच समजावून घ्यावे. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या मुलामुलींवर हे काम आपसूक येते. ‘तुला इंग्रजी येतं ना, वाच’ असे म्हणून वडील कार्ड हातात देतात, आणि बी. ए. च्या पुस्तकांत त्यातला एकही शब्द नसतो! तरी विचारावे. माझ्या प्रश्नांना एका डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागे मेंदूचे चित्र काढून उत्तर दिले. ती चिठ्ठी अजून वहीत आहे.

त्यानंतर वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी आत्याला तासभर तपासले. त्यांचे मत असे पडले की गेले आहे ते मुख्यतः नावांचे आणि आकड्यांचे. नवी आठवण थोडी कच्ची आहे, पण समज शाबूत आहे. आमच्या गल्लीने लावलेल्या निदानाशी हे अजिबात जुळत नव्हते.

औषधांबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. आमच्याकडे पक्षाघातावर कबुतराचे रक्त चोळण्याची चाल आहे. त्याने काही होत नाही, कबूतर मात्र मरते. पण शहरातील लोकांनीही हसू नये. ‘मेंदूचे टॉनिक’ म्हणून महागड्या गोळ्या घेणारे तेथेही पुष्कळ आहेत. सिटिकोलिन हे औषध आपल्याकडे पक्षाघातानंतर सर्रास लिहून देतात. २०१२ साली स्पेन, पोर्तुगाल व जर्मनी येथील सुमारे २३०० रुग्णांवर, झटक्यानंतर लगेच देऊन, त्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्ण सावरण्यात त्याचा फायदा दिसला नाही. गेलेली स्मृती परत आणणारी गोळी आजवर निघालेली नाही. याचा अर्थ आपल्या मनाने गोळ्या बंद कराव्यात असा नव्हे. डॉक्टरांना सरळ विचारावे, “यातली कुठली गोळी चुकवून चालणार नाही?” उत्तर बहुधा रक्तदाबाची, रक्त पातळ ठेवण्याची, साखरेची व कोलेस्टेरॉलची असे येते.

याच गोळ्या एका अर्थी स्मृतीच्या गोळ्या आहेत. २००९ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. पहिल्या झटक्यानंतर साधारण दहांपैकी एकाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो. पण झटका पुन्हा आलेल्यांत हे प्रमाण तिघांपैकी एकाहून अधिक आहे. म्हणजे दुसरा झटका टाळणे हाच स्मृती वाचवण्याचा हाती असलेला मोठा उपाय. आत्याच्या बाबतीत लढाई मशेरीशी झाली. तंबाखू भाजून केलेली मशेरी बायकांना व्यसन वाटतच नाही, दात घासणे वाटते. गोळ्या ती निमूट घेते, मशेरीवरून अजून भांडते.

घरी काय करावे? रुग्णाची परीक्षा घेत बसू नये. पाहुण्यांना ही फार हौस असते : “मला ओळखलं का? सांग बरं मी कोण?” स्मृती कमजोर असलेल्या माणसाने अंदाजाने चुकीचे उत्तर दिले तर ती चूकच पक्की होण्याचा धोका असतो, असे १९९४ सालच्या एका इंग्लंडमधील अभ्यासापासून मानले जाते. त्यापेक्षा आधी बरोबर उत्तर सांगावे, लगेच वदवून घ्यावे, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने, असे अंतर वाढवत जावे. वस्तूंच्या जागा ठरवून टाकाव्यात. साक्षर रुग्णाला वही-दिनदर्शिका उपयोगी पडते. निरक्षराला तिचा काय उपयोग? पण आपल्या बायका दुधाच्या रतिबाचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवतच होत्या. आम्ही तेच केले. गिऱ्हाइकांचे फोटो त्यांची परवानगी घेऊन मोबाईलवर काढले, छापून पुठ्ठ्यावर चिकटवले, आणि प्रत्येकाखाली दहा रुपयाला एक रेघ. नाव येवो न येवो, फोटोवर बोट ठेवून आत्या रेघा सांगू लागली. जुनी उधारी देण्यास काही जण आपण होऊन आले, काही आले नाहीत. जे आले नाहीत त्यांचेही फोटो तिने निराळे काढून ठेवले आहेत. तिला सगळे आठवते असा त्याचा अर्थ नाही, पण काहीच आठवत नाही असाही नाही. मेथीच्या जुड्या बांधायला तर तिला कधीच सांगावे लागले नाही. मोलेझनच्या हाताप्रमाणे तो हात आपले काम जाणतो.

या सगळ्यात एक नाजूक प्रश्न कागदांचा असतो. आत्या घरी आल्यावर दोन महिन्यांनी तिच्या सासरकडील दोघे जण जमिनीचे हक्कसोडपत्र घेऊन आले. “नाहीतरी तिला काय कळतंय, अंगठा तेवढा घेऊ.” वडील म्हणाले, “कळत नसंल तर अंगठा कशाला घेता? आन् कळत असंल तर तिला इचारा.” हे त्यांना कोणत्या पुस्तकातून सुचले नाही, पण कायद्याचे म्हणणेही जवळपास हेच आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार करार करणाऱ्याला त्या वेळी त्याचा अर्थ समजला पाहिजे, आणि आपल्या हिताचा विचार करता आला पाहिजे. वाचाघाताच्या रुग्णाला समजत असूनही बोलता येत नाही, हे तर ध्यानात ठेवलेच पाहिजे. वडिलांनी कागद तिला सावकाश वाचून दाखवला. तिने मान हलवली ती ‘नाही’ अशी. ते लोक चहा घेऊन गेले.

मदतीची ठिकाणे थोडक्यात सांगते. वाचा-उपचारासाठी मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, आणि हाजी अली येथे शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून. इतक्या दूर जाणे होत नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात वाचा-उपचाराची चौकशी करावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व धरले आहे, आणि त्यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत कायमच्या वाचाघाताचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हातपाय सुधारले तरी त्या कारणाने प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी १९९२ साली केरळात स्थापन झालेली अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काम करते. साठीच्या पुढील माणसांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि मनाच्या त्रासासाठी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो केवळ रुग्णासाठी नाही. आमच्याकडे रात्री दोनदा उठून आत्याला पाहणारी माझी आई आहे. दिवसा ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाते. तिची झोप किती होते हे वहीत लिहायला मी तिसऱ्या महिन्यात सुरुवात केली, आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ते पानही उघडून ठेवले.